फिरत्या मॉडेल रेल्वेसाठी भरवशाचे रूळ आणि पॉइंट कोणते घ्यावेत?

घाटवाट – ४ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या गणपतीत गेल्या वर्षी मी देखाव्यासाठी मॉडेल रेल्वे मांडली होती. एचओ, म्हणजे १:८७ प्रमाण, रूळांमधलं अंतर १६.५ मिमी. दीड मीटर बाय ६० सेंमीच्या चार प्लायच्या फळ्या. जोडल्या की ३ मीटर बाय १.२ मीटरचं टेबल होतं, त्यावर एक मोठा लंबगोल, पुढच्या बाजूला स्टेशन. घर चौथ्या मजल्यावर, फळ्या उभ्या धरून लिफ्टमधून खाली न्यायच्या, दहा दिवसांनी परत वर.

घरी गाडी छान चालायची. मांडवात पहिल्याच संध्याकाळी रडायला लागली. पॉइंटवर, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या ठिकाणी, इंजिन थांबायचं, फळ्यांच्या जोडावर डबा उतरायचा. आरतीनंतर मुलं टेबलाला चिकटून उभी आणि मी दर दोन फेऱ्यांनी हात घालून गाडी ढकलतोय. एक पाचेक वर्षांचा मुलगा रोज यायचा आणि शांतपणे विचारायचा, "काका, आज चालेल का?" ते मला वर्षभर टोचतंय.

रूळ तीन ठिकाणांहून जमवलेले होते: काही पितळी, काही लोखंडी, काही निकेल सिल्व्हरचे. सहा छोटे पॉइंट, त्यातला एक तर बरोब्बर दोन फळ्यांच्या जोडावर.

सगळं उखडून टाकलंय. यंदा नव्याने घालणार. प्रश्न असे: खाली खडीचा प्लास्टिकचा पाया असलेले क्लिकचे रूळ घ्यावेत की लवचीक रूळ? पॉइंट कोणते? आणि ते हलवायला मोटर की हात?

---

श्टुटगार्टकर – ५ जून, दुपारी १:१५

आमच्या इथे वर्षातून दोनदा गावच्या व्यायामशाळेत सगळे आपापल्या फळ्या घेऊन येतात आणि मोठी लाइन जोडतात, त्यामुळे या दुखण्याची चांगली ओळख आहे. आधी थोडी माहिती द्या. इंजिनं कोणती? डबे किती लांब? जुन्या चाकांची इंजिनं आहेत का?

तोवर एक गोष्ट ठामपणे सांगतो. फिरत्या मांडणीत पॉइंटची संख्या हा पहिला निर्णय, कंपनी दुसरा. तुमच्या लंबगोलाला खरोखर किती पॉइंट लागतात ते कागदावर काढा. स्टेशनात गाड्यांना एकमेकींना वाट द्यायची, म्हणजे लूप हवा, तर दोन, आणि एक बाजूची साइडिंग, असे तीन. उरलेले तीन कशासाठी होते?

---

घाटवाट – ५ जून, रात्री ९:३०

दोन डिझेल इंजिनं नवीन, बोगीवाली, आठही चाकं वीज उचलतात. एक छोटं चारचाकी शंटर (यार्डात डबे हलवणारं इंजिन) आहे, ते मुलांना सर्वांत आवडतं आणि तेच सर्वांत जास्त अडतं. डबे आयसीएफच्या (चेन्नईच्या डबा कारखान्याच्या) मापाचे, साधारण साडेचोवीस सेंमी.

उरलेले तीन पॉइंट यार्डासाठी होते. खरं सांगायचं तर यार्डात गाडी कधी गेलीच नाही.

---

पी_वे_काका – ६ जून, सकाळी ६:४०

मी मध्य रेल्वेच्या पी-वेमधून, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या विभागातून, निवृत्त झालो. छत्तीस वर्षं रूळच पाहिले. मॉडेलचा छंद नातवामुळे लागला.

आमच्याकडे पॉइंटला सांधा म्हणायचे, तो बदलणारा सांधेवाला. फळ्यांच्या जोडाला इथे आपण जोडच म्हणू, नाहीतर गोंधळ होईल.

खऱ्या लाइनीवर प्रवासी गाड्यांच्या मार्गावर १ इन १२ चा सांधा घालतात. यार्डात १ इन साडेआठ चालतो. १ इन १२ म्हणजे गाडी बारा फूट पुढे जाते तेव्हा एक फूट बाजूला सरकते. मॉडेलच्या दुकानात मिळणारा नेहमीचा १२ अंशांचा सांधा हिशेब केला तर १ इन ४.७ पडतो. एवढा उभा सांधा आम्ही कुठल्याही यार्डात घातला नसता. म्हणून मॉडेलमध्ये सांध्यावर गाडी उतरते याचं नवल नाही, ती न उतरता जाते याचंच कौतुक. त्यातही सर्वांत लहान त्रिज्येचा सांधा घेतला तर साडेचोवीस सेंमीचा डबा एका टोकाला आत आणि दुसऱ्या टोकाला बाहेर ओढला जातो, कपलिंग आडवं ताणतं आणि हलका डबा उचलला जातो.

आणि एक. चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. ब्रॉडगेजला ते १६०० मिमी असतं. एचओला सुमारे १४.४ मिमी हवं. माझ्या नातवाच्या एका डब्याची एक जोडी १४ भरली, ती प्रत्येक सांध्यावर चेक रेलला (चाकाला वाटेवर ठेवणाऱ्या आतल्या जादा रुळाला) घासून चढायची. दोष सांध्याला देत बसलो होतो. चाक हळूच फिरवत बाहेर ओढलं, तेव्हापासून एकदाही उतरली नाही.

---

श्टुटगार्टकर – ६ जून, दुपारी २:०५

काका, हे सोन्यासारखं आहे.

घाटवाट, आता नेमकं बोलू. पेको ही इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातली कंपनी, १९४६ पासूनची. त्यांची स्ट्रीमलाइन मालिका मी फिरत्या फळ्यांसाठी सुचवेन, त्यातही कोड १००. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, कोड ७५ म्हणजे १.९ मिमी. कोड ७५ दिसायला खऱ्याच्या जवळ आणि घरच्या कायमच्या मांडणीत मीही तोच वापरतो. पण लिफ्टमधून, जिन्यावरून, टेंपोतून जाणाऱ्या फळीच्या टोकाला उंच, जाड रूळ जास्त मार सोसतो, आणि जुन्या खोल कडांची चाकं असली तरी तळ घासत नाहीत. दहा फुटांवरून बघणाऱ्या मुलाला ०.६ मिमीचा फरक दिसत नाही. एकच कोड, एकच धातू, सगळीकडे निकेल सिल्व्हर. मिसळ करायची नाही.

पॉइंट मध्यम त्रिज्येचे घ्या, ९१४ मिमी, लांबी २२ सेंमीच्या आसपास. तुमच्या पुढच्या बाजूला सुमारे १८० सेंमी सरळ आहे, दोन पॉइंट बसून मध्ये इंजिन आणि तीन डबे उभे राहतील एवढी जागा उरते. या पॉइंटमध्ये एक छोटी स्प्रिंग असते, पाती, म्हणजे पॉइंटचा हलणारा रूळ, टक्कन एका बाजूला बसते आणि तिथेच दाबून राहते. मोटर असो वा नसो, अर्धवट उघडी राहत नाही. फिरत्या कामाला हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

क्लिकच्या रुळांबद्दल: जमिनीवर, गालिच्यावर, रोज मांडून रोज उचलायचं असेल तर तेच उत्तम. काटोचे युनिट्रॅक, मेर्कलिनचे सी रूळ, दोन्ही पक्के. पण तुमच्या फळ्या कायमच्या, रूळ त्यांवर चिकटलेले राहणार. तिथे त्यांचे अनेक जोड हेच ओझं. लवचीक रूळ ९१४ मिमीचा अखंड येतो, तुमच्या लंबगोलात कारखान्याचे जोड हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे राहतात.

---

अनघा_एडिसन – ६ जून, रात्री ११:२०

थोडं वेगळं मत मांडते. मी न्यू जर्सीत एन स्केल करते, १:१६०, ९ मिमी. टी-ट्रॅक नावाची पद्धत आहे, एक खोका ३०८ मिमी रुंद, त्यावर युनिट्रॅकचे दोन मार्ग, ३१० मिमीचे. खोक्यापेक्षा रूळ दोन मिमी लांब, त्यामुळे खोके एकमेकांना टेकत नाहीत, रुळांच्या टोकाच्या क्लिपाच एकमेकींत बसतात. स्क्रू नाही, पाना नाही. आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात साध्या टेबलांवर मी आणि माझी मुलगी मिळून अर्ध्या तासात बारा खोके लावतो. खोक्याखाली उंची जुळवायचे स्क्रू असतात, टेबल वाकडं असलं तरी निभतं.

त्यामुळे क्लिकचे रूळ फिरत्या कामाला नकोत असं सरसकट म्हणू नये. जोड जिथे मुद्दाम उघडायचे आहेत तिथे ते फार चांगले. मात्र पॉइंट मी नेहमी खोक्याच्या मधोमध ठेवते, टोकाला कधीच नाही, आणि क्लिपांची जादा पुडी बरोबर असते. क्लिप सैल झाली की वीज आधी जाते, गाडी नंतर.

---

श्टुटगार्टकर – ७ जून, सकाळी ११:००

अनघाताई, मान्य. माझं म्हणणं चिकटलेल्या फळ्यांपुरतंच धरा.

---

तांब्याची_तार – ७ जून, रात्री १०:१०

कोल्हापुरात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. शंटर का अडतं ते सांगतो, कारण इथे बरेच जण चुकीचा पॉइंट विकत घेतात.

पॉइंटमध्ये दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या टोकाला हौशी मंडळी फ्रॉग म्हणतात, काकांच्या भाषेत क्रॉसिंग. तिथे एका रुळाचा धन आणि दुसऱ्याचा ऋण समोरासमोर येतात. सोपा उपाय म्हणून काही पॉइंटमध्ये ते टोक प्लास्टिकचं करतात. वायरिंग काहीच नाही, पण चारचाकी शंटरचं एक चाक त्या प्लास्टिकवर आलं आणि त्याच बाजूच्या दुसऱ्या चाकाखाली धुळीचा एक कण असला की वीज तुटली. बोगीवालं लांब इंजिन मागच्या चाकांवर निघून जातं, शंटर तिथेच बसतं.

दुसरा प्रकार धातूच्या फ्रॉगचा. पॉइंट ज्या बाजूला लागेल त्याप्रमाणे त्या फ्रॉगची वीज बदलायला हवी. पेकोच्या जुन्या इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये पाती बाजूच्या रुळाला टेकते, तिथूनच ही वीज मिळते. घरात ते चालतं. पण गणपतीत गुलाल आहे. पाती आणि रूळ यांच्यामध्ये गुलाल गेला की फ्रॉग मेला. म्हणून पातीच्या टेकण्यावर अजिबात भिस्त ठेवू नका, फ्रॉगला वेगळी तार काढून स्विचवर न्या. आता युनिफ्रॉग येतात, त्यात धातूचा छोटा फ्रॉग आधीच वेगळा असतो आणि तार खाली लोंबत असते. तेच घ्या. इलेक्ट्रोफ्रॉग मिळाले तर फ्रॉगच्या पुढच्या दोन आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर (दोन रूळ जोडणाऱ्या क्लिपा) घालायला विसरू नका, नाहीतर लूपमध्ये शॉर्ट होईल.

मोटरबद्दल. सोलेनॉइडवाली मोटर ठोका मारते, बटण जास्त वेळ दाबलं गेलं तर कॉइल जळते. मुलं बटण दाबून धरतात, हे गृहीत धरा. संथ गतीच्या मोटरी उत्तम, पण त्या फळीखाली आठ-नऊ सेंमी लटकतात, फळी लिफ्टमध्ये उभी टेकवली की मार त्यांनाच. तुम्हाला तीनच पॉइंट आहेत आणि सगळे पुढच्या कडेपासून हातभर. फळीखाली सरकता स्विच बसवा, सहा पायांचा, रेडिओत असायचा तो. त्याच्या दांडीला भोक पाडून एक मिमी पोलादी तार पॉइंटच्या पाती हलवणाऱ्या आडव्या पट्टीला जोडा, दुसऱ्या टोकाला पुढच्या पाटीतून बाहेर आलेली सळई. सळई ढकलली की पॉइंटही बदलतो आणि फ्रॉगची वीजही, एकाच हालचालीत. बिघडायला त्यात काही नाही.

---

घाटवाट – ८ जून, रात्री ९:४५

मुलांना सळई हाताने ढकलता येईल हे डोक्यातच आलं नव्हतं! ठरलं. तीन मध्यम पॉइंट, कोड १००, युनिफ्रॉग, हाताने. ऑर्डर टाकतो.

आता जोडांचं सांगा. लंबगोल चार फळ्यांवर आहे. पुढे दोन मार्ग, मागे एक, दोन्ही वळणांच्या पोटात एकेक. म्हणजे पाच ठिकाणी रूळ कापले जाणार.

---

तांब्याची_तार – ८ जून, रात्री ११:३०

आधी एक चांगली गोष्ट: वळणाच्या बरोबर मध्यावर रूळ जोडाला काटकोनात ओलांडतो. तसाच ठेवा. तिरपा कापलेला रूळ कधीच नीट जुळत नाही.

माझी पद्धत लिहितो. फळ्या आधी एकमेकींना पक्क्या जोडा, रूळ नंतर. बोल्टने फक्त आवळायचं, जागा बोल्ट ठरवत नाही. बोल्टचं भोक नेहमी थोडं मोठं असतं आणि दरवेळी वेगळ्या जागी बसतं. जागा ठरवायला पितळी डॉवेल लावा, एका फळीत खुंटी, दुसरीत वाटी.

मग जोडाच्या दोन्ही बाजूंना, अगदी कडेला, प्लास्टिकचे शेवटचे चार-पाच स्लीपर काढून त्या जागी तांब्याचा पत्रा असलेल्या पीसीबीच्या पट्ट्या चिकटवा आणि स्क्रूनेही बसवा. पट्टीच्या मधोमध तांबं खरवडून रेघ पाडा, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट. रूळ अखंड, जोडावरून आरपार टाका आणि पट्ट्यांना डाग द्या. रुळाचा तळ आधी कानशीने चमकवायचा, फ्लक्स, मग ५० वॅटच्या गनने दोन सेकंद. डाग पाण्यासारखा पसरून रुळाच्या पायाला चढला की काढा. गोळी होऊन बसला तर तो धरलेला नाही, पुन्हा करा. कमी वॅटची गन लावून धरत बसलात तर शेजारचे प्लास्टिकचे स्लीपर वितळतील, त्या बाजूला ओल्या कापसाचा बोळा ठेवा.

सगळं थंड झाल्यावर बारीक दात्याच्या करवतीने जोडावर रूळ कापा. दोन्ही टोकं जन्मतःच समोरासमोर. टोकांच्या आतल्या आणि वरच्या कडा कानशीने किंचित मारा. मग डोळे मिटून नख फिरवा. नखाला लागलं तर चाकाला लागणारच.

जॉइनरवर विजेचा भरवसा ठेवू नका, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तार.

---

किनारपट्टी – ९ जून, सकाळी ८:२०

रत्नागिरीहून. एक गोष्ट कुणी बोललं नाही. तुम्ही जूनमध्ये काम काढताय, गणपतीत मांडणार, आणि मग फळ्या उन्हाळाभर माळ्यावर. रूळ तापून वाढतो याची लोकांना काळजी असते, पण एक मीटर निकेल सिल्व्हर दहा अंशांनी तापला तर वाढ मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढीच. खरं हलतं ते लाकूड. पावसाळी हवेत लाकडी पट्ट्यांची चौकट फुगते आणि एप्रिलमध्ये आक्रसते. माझा पहिला डायोरामा मे महिन्यात रुळासकट कमानीसारखा वर आला होता, कारण रूळ टोकाला टोक भिडवून घातले होते.

मरीन प्लाय घ्या, आणि रूळ घालायच्या आधी सगळ्या बाजूंनी, विशेषतः कापलेल्या कडांना, दोन हात वॉर्निश. खालची बाजू राहू देऊ नका. फळीच्या मधल्या जॉइनरांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट ठेवा. पावसाळ्यात बांधताय, तर फट एवढी पुरे नाही, दोन कार्डं घाला, कारण लाकूड आत्ता फुगलेलं आहे आणि नंतर आक्रसणार आहे.

---

पी_वे_काका – ९ जून, सकाळी ९:०५

किनारपट्टी, बरोबर. आम्हीही रूळ घालताना तापमान मोजूनच फट ठेवत होतो.

घाटवाट, खडी सर्वांत शेवटी. खडी आणि फेव्हिकॉलचं पाणी एकदा पडलं की सांधा काढता येत नाही. खडी टाकण्याआधी किमान आठवडाभर गाडी चालव. उलटी ढकलून चालव, इंजिन मागे आणि डबे पुढे. ओढताना जो दोष लपतो तो ढकलताना दिसतो. सांध्याच्या पात्यांजवळ आणि आडव्या पट्टीखाली तर खडी टाकूच नकोस, रंग दे फक्त.

---

घाटवाट – २७ जुलै, रात्री ११:५५

दीड महिन्याने येतोय. रूळ पडले. दहा टोकांपैकी नऊ पहिल्या फटक्यात नखाला लागली नाहीत. दहाव्याचा डाग गोळी झाला होता, पुन्हा दिला.

काकांनी सांगितल्याप्रमाणे उलटं ढकललं. दोनशे फेऱ्या, मुलगी वहीत रेघा मारत बसली होती. एकच डबा उतरायचा, तोही एकाच पॉइंटवर, लूपमध्ये शिरताना. भिंग लावून पाहिलं तर पातीच्या टोकाला केसाएवढा खरबरीतपणा. बारीक कानस दोनदा फिरवली, टोक आत दबलं. त्यानंतर सत्तर फेऱ्या स्वच्छ. त्याच डब्याच्या चाकांचं अंतर १४.१ निघालं, तेही दुरुस्त केलं, त्यामुळे नेमकं श्रेय कशाला द्यायचं ते ठरवत नाही.

शंटर फ्रॉगवरून मुंगीच्या चालीने जातं. अगदी मुंगीच्या. मी ते दहा-बारा वेळा नुसतं बघत बसलो.

एक अडचण: फळ्या एकदा खाली-वर नेऊन आणल्या, तेव्हा मागच्या जोडावर रूळ अर्धा मिलिमीटर सरकलेला दिसला. डॉवेल आहेत.

---

तांब्याची_तार – २८ जुलै, सकाळी ७:३०

डॉवेल कशात बसवलेत? प्लायच्या कडेच्या थरात असतील तर थर दबून वाटी हलते. तिथे आतून सागवानी ठोकळा लावा आणि डॉवेल त्यात बसवा. आणि नेताना दोन फळ्या समोरासमोर ठेवून टोकांना प्लायची पट्टी स्क्रू करा, म्हणजे रुळांची टोकं कुठे आपटणार नाहीत. उघड्या टोकाला लागलेला एक धक्का सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

---

घाटवाट – २९ जुलै, रात्री १०:००

अगदी तेच होतं, प्लायच्या कडेत. ठोकळे बसवले. तीन वेळा खाली-वर केलं, हललं नाही. उभं करायला पस्तीस मिनिटं लागली.

---

अनघा_एडिसन – ३० जुलै, सकाळी ६:१५

मांडवात बरोबर काय ठेवणार आहात? माझ्या पेटीत असतं: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, जादा जॉइनर, लहान पकड, मल्टिमीटर, मऊ ब्रश, आणि सहा बी पेन्सिल. रूळ पुसून वर पेन्सिलीचा हलका हात दिला की काळपटपणा बराच काळ येत नाही. आणि गुलालासाठी काहीतरी झाकण हवंच.

---

घाटवाट – ३० जुलै, रात्री ९:१०

ताई, पेटी तशीच भरतो. पुढच्या बाजूने ३० सेंमी उंच ॲक्रिलिक लावतोय, सळया त्याच्या खालून बाहेर. आरतीच्या वेळी गाडी बंद आणि वर जुनी चादर. कापूर, उदबत्तीची काजळीही रुळांवर बसते, म्हणून टेबल मूर्तीपासून आठ फूट लांब घेतलंय.

---

घाटवाट – अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी

दहा दिवस, रोज संध्याकाळी सहा ते दहा. गाडी चार वेळा थांबली. दोनदा साइडिंगच्या पॉइंटमध्ये गुलाल, पाती पूर्ण मिटत नव्हती, ब्रशने एका मिनिटात निघाला. एकदा कपलिंग सुटलं. एकदा मांडवाचीच वीज गेली. जोडावर एकदाही डबा उतरला नाही.

गेल्या वर्षीचा तो मुलगा आता सहा वर्षांचा आहे. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात मधली सळई दिली. त्याने ढकलली, टक्कन आवाज आला, शंटर लूपमध्ये वळलं. त्यानंतर रोज सहाला तो आधी येऊन उभा, ती सळई त्याचीच. आईला सांगत होता, "मी सांधेवाला आहे." काका, हा शब्द मी तुमच्याकडून घेऊन त्याला दिला.

फळ्या पट्ट्या लावून माळ्यावर गेल्या. एप्रिलमध्ये फटी मोजून इथे आकडे टाकतो, किनारपट्टींना उपयोगी पडतील.

---

पी_वे_काका – त्याच रात्री, ९:४०

त्या सांधेवाल्याला माझा नमस्कार सांग. पुढच्या वर्षी त्याला एक हिरवा आणि एक लाल झेंडा मी शिवून पाठवतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात दे.